इचार करून सांगतो

कराड, ८ जून

चि. पायल,

सप्रेम जयभीम.

फोन उचलत न्हाईस, मेसेज बघत न्हाईस, म्हणून हा कागद. पोस्टातली बाई म्हणली, "काका, जपानला पत्र? आता कोण पाठवतंय पत्र?" म्हणलं, ज्याची पोरगी फोन उचलत न्हाई त्यो पाठवतो. ती हसली. मला काय हसू आलं न्हाई.

माझं काय चुकलं ते तरी सांग की! आठव बरं मे महिन्यात काय झालं ते. तू म्हाताऱ्यांच्या सेंटरात जिला सांभाळतीस त्या हरुए आजीनं आमाला व्हिडिओ कॉल केला आन् तिच्या नातवासाठी, दाइकीसाठी, तुझी मागणी घातली. तूच तिला सांगितलं आसणार की आमच्याकडं मोठ्या माणसानं तोंडानं मागायचं असतंय म्हणून. मला लय बरं वाटलं. ऐंशी पार केलेली बाई, नटून थटून बसलेली. आधी घरातल्या बुद्धापुढची बारकी घंटी एकदा वाजवली, मग बोलाय लागली. मला कंडक्टरला सवय वाईट. एक घंटी म्हंजे गाडी थांबव, दोन घंट्या म्हंजे सोड. मी म्हणलं, काय गं भामा, गाडी थांबवायची हाय का काय? तुझ्या आईनं मला कोपर मारलं आन् म्हणली, "गप बसा, रीतीची माणसं हायत ती."

मग मी बी रीतीनंच वागलो न्हवं? पोरीनं आपल्याच मागणीत बसायचं नसतंय, म्हणून तिथं आजीशेजारी बसलीवतीस ती तुला म्हणलं, भाईर जा. बोलणं उलगडून सांगाय तुझ्या जागी हितं अपूर्वा म्याडमला बसवलं. तुला जपानी त्यांनीच शिकवलं, त्या काय परक्या न्हाईत. आजी बोलली ते म्याडमनी मराठीत सांगितलं. मग कुठल्याबी पोरीचा बाप जे म्हणतो तेच मी म्हणलं, "इचार करून सांगतो." म्याडमनी ते जपानीत सांगितलं. आजीनं पार जमिनीला टेकूस्तवर वाकून नमस्कार केला, आमी बी केला, फोन बंद.

तवापासनं तू गप. ती माणसं बी गप.

पोरीकडच्यानं पयल्याच बैठकीत हो म्हणलं तर लोकं काय म्हणत्यात? पोरगी जड झालीवती का, म्हणत्यात. पोराकडच्यांनी परत निरोप धाडायचा, मग आपण हो म्हणायचं. ही काय मी काढलेली रीत हाय? तुझ्या आईला मागायला माझा मामा आष्ट्याला हेलपाटे घालून दमला. सासरा दर बारीला चहा पाजायचा आन् "इचार करून सांगतो" म्हणून वाटंला लावायचा. आता जपानची झाली म्हणून काय झालं, पोराकडची ती पोराकडचीच. एक निरोप धाडायला त्यांना काय होतंय?

दाइकीबद्दल माझं काय म्हणणं न्हाई. म्हंजे हाय थोडं. आपल्या भागात शेतकरी नवरा म्हणलं की पोरी नाक मुरडत्यात, उसाचा फड दारात असला तरी. आन् माझी पोरगी इमानात बसून समुद्रापलीकडं गेली आन् तिथं बी शेतकरीच हुडकला! डोंगरावर संत्र्याची बाग हाय म्हणं. असू दे बाग. तू फोटो धाडलावतास त्यात त्यो आजीला पाठुंगळी घिऊन पायऱ्या उतरतुया. पोरगं वाईट न्हाई. पण हे तुझ्यापुढं म्हणायचं नसतंय, म्हणून म्हणलं न्हाई.

फोन उचल. तुझ्या आईनं माझं डोकं खाल्लंय.

तुझा बाप,
केरू

ता. क. म्याडमच्या क्लासला मी बी जाय लागलोय. कुणाला सांगू नगंस. आज ना उद्या त्यांचा फोन यील, तवा दर बारीला म्याडमला कुटं बसवू? क्लासातली पोरं मला "काका-सान" म्हणत्यात. जीव घ्यावासा वाटतो एकेकाचा.

कराड, २२ जून

पायल,

तुझ्या आईच्या फोनवर तुझा मेसेज वाचला. "मी बरी हाय. अण्णांना सांग, तो विषय संपला."

कुठला इषय? कुणी संपवला? मी तर अजून सुरू बी केला न्हाई! मेसेज वाचला आन् घरात बसवंना. डेपोपर्यंत चालत गेलो, स्टँडवर उगंच फलाट बघत हिंडलो, परत आलो, परत गेलो. स्टँडमास्तर म्हणला, "केरूबा, रिटायर झालाय ध्यानात हाय न्हवं?" सोड. त्याला काय सांगू.

तुझी आई म्हणती, "वाट बघून बघून त्यांना राग आला आसंल. तुमी आपणहून एकदा हो म्हणून मोकळं व्हा की." मी म्हणलं, त्यांचा दुसरा निरोप यिऊ दे. ती म्हणली, "मग बसा रीत उराशी घिऊन." आन् पिशवी भरून आष्ट्याला भावाकडं गेली. आता हितं मी आन् माझं करपलेलं पिठलं.

क्लासचं सांगतो. भाषा लय वंगाळ हाय गं. वाक्य सुरू झालं की शेवटपर्यंत कळत न्हाई माणूस आला का गेला. पण एक गंमत कळली. म्याडमनी काल कबूल केलं की त्या दिवशी त्यांना आजीचं निम्मंच समजलंवतं. म्हणल्या, "काका, पुस्तकात आहे ते टोकियोकडचं जपानी. आजी बोलत होत्या ते त्यांच्या बेटावरचं. पुस्तकात 'नाही'ला शेवटी 'नाई' लागतं, त्या नुसत्या 'न'वर भागवतात. माणूस 'आहे' म्हणायला आपण 'इरु' शिकतो, त्या 'ओरु' म्हणतात. शब्दांचं एक वेळ चालतं हो, पण सगळी क्रियापदंच फिरतात."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हणलं म्याडम, ह्यात तर माझा जलम गेलाय. कराड-उंब्रज गाडीत "काय करतुयास" चालतंय. आष्टा सोडून सांगलीकडं गेलं की "काय कराय लागलाईस" हुतं. मिरजेच्या पुढं "काय करालैस", आन् जतच्या अंगाला गेलं की त्याच्यावर कानडी हेल. तिकडच्या बाया खुशाल "मी आलो, मी जेवलो" म्हणत्यात, आन् सातारची बाई ते ऐकून पदर तोंडाला लावून हसती. मी कुणाला हसलो न्हाई. ज्याला त्याच्या बोलीत इचारलं, की गडी पुढं सरकून जागा बी देतो आन् तिकीट बी काढतो. पुस्तकी मराठीत "कृपया पुढे सरका" म्हणलं की दारातच खांब धरून हुबा ऱ्हातो.

म्याडम आणखी एक म्हणल्या. "त्या दिवशी बाहेर जाण्याआधी पायल आजींशी बोलली ना, ते मी ऐकत होते. मी शिकवलेलं सगळं बाजूला ठेवलंय तिनं. ऐंशी वर्षांच्या खेडवळ म्हातारीसारखी बोलते!" त्यांनी तक्रार केली का कौतुक केलं, ते त्यांना बी ठरवता आलं न्हाई. माझी मात्र छाती फुगली. तुझ्या सेंटरातल्या पोरी तुला हसत असतील तर हसू देत. आजी दिसभर तुमच्या सेंटरात, सांजच्याला तिला न्यायला नातू, आन् तू तिचं बोलणं हातापायाबरोबर चेपून चेपून उचललंस. आसं बोलणं कुणाच्या घरात जेवल्याबिगर येत न्हाई.

मग इषय संपला कसा? मला न इचारता?

केरू

कराड, ६ जुलै

पायल,

आधी हे वाच, मग कायबी कर. मी न्हाई म्हणलो न्हाई. ऐकलंस? मी न्हाई म्हणलोच न्हाई!

आज क्लासला उंब्रजचा इंद्रजित आल्ता. तिकडं ओकायामाला कारखान्यात काम करून नुकताच परत आलाय. आपली पोरं जात्यात ती बहुतेक तुझ्यासारखी पच्छिमेकडं, खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्यांच्यात, आन् पयल्या दिवशीच त्यांची दांडी उडती. म्हणून म्याडमनी त्याला बोलावलंवतं. गडी हुशार. खिडकीकडं बोट करून म्हणला, "काका, भाईर काय हुतंय?" म्हणलं, पाऊस पडतुया. म्हणला, "आन् आता थांबला, रस्ता वला हाय, मग काय म्हणशीला?" म्हणलं, पाऊस पडलाय. म्हणला, "टोकियोवाला ह्या दोन्हीला एकच रूप वापरतो. आमच्या तिकडं न्हाई. पडत आसंल तर 'फुरियोरु', पडून गेला आसंल तर 'फुत्तोरु'." मी मांडीवर थाप मारली. म्हणलं, त्यांचं आपल्यासारखंच हाय की गड्या! सगळा वर्ग हसला. मी बी हसलो. आज लय दिसांनी हसलोवतो बघ.

मग चहाला बसलो. इंद्रजित म्हणला, "काका, तुमी ह्या वयात कुटं निघालाय?" मी त्याला तुझं सांगितलं. आजीनं मागणी घातली, मी रीतीनं उत्तर दिलं, आन् ती माणसं अशी आखडली की परत निरोप न्हाई.

"उत्तर काय दिलं?"

"इचार करून सांगतो म्हणलं."

"जपानीत काय सांगितलं?"

म्याडम म्हणल्या, "कांगाएते ओकिमासु."

त्यानं कप खाली ठिवला. "आवं काका, तुमी तर न्हाई म्हणून बसलाय की."

मला वाटलं थट्टा करतुया. पण त्याचं तोंड तसं न्हवतं. म्हणला, तिकडं सोयरीक असू दे न्हाईतर धंदा, ह्या बोलण्याचा अर्थ एकच. नगं हाय, पण तोंडावर सांगवत न्हाई. त्यानं पयल्या साली सायबाकडं गावाकडं यायला सुट्टी मागितली, तर सायब हेच म्हणला. हे येडं आज हो म्हणंल, उद्या हो म्हणंल म्हणून बॅग भरून बसलंवतं. मागनं एका म्हाताऱ्या कामगारानं बाजूला घिऊन सांगितलं, बाबा, तुला कवाच न्हाई म्हणलंय.

म्याडमचं तोंड एवढंसं झालं. म्हणल्या, "काका, शब्दाला शब्द मी बरोबर सांगितला हो." बरोबरच हुता. त्यांचा काय दोष? शिकल्या पुण्यात, तिकडं कवा गेल्या न्हाईत. आन् वाक्य माझं हुतं.

म्हंजे ती म्हातारी जमिनीला टेकून वाकली ती न्हाई ऐकून वाकली! आन् मी हिकडं मिशीला पीळ दिऊन बसलोय की, बघा कसा मान राखला पोरीचा. न्हाई म्हणलेल्या घरात परत निरोप कोण धाडंल? मी तरी धाडला आसता का?

मी आत्ताच्या आत्ता आष्ट्याला निघालोय. तू आईचा फोन उचलतीस. हा कागद जाता जाता टाकतो.

केरू

आष्टा, ७ जुलै

पायल,

काल तुझी आई तुझ्याशी बोलत हुती तवा मी दाराआड उभा हुतो. तुला ठाव असंलच. तिनं फोनचा आवाज मोठा केलावता.

इंद्रजितनं सांगितलेलं सगळं तिनं तुला सांगितलं. मला वाटलं तू हसशील, म्हणशील आसं झालं व्हय. तू हसली न्हाईस. म्हणलीस, "आई, हे मला त्याच दिवशी कळलंवतं. आजीनं मला त्यो शब्द सांगितला, तवाच मी वळखलं अण्णांनी मराठीत काय म्हणलं आसंल. मी आजीला समजावलं आसतं गं. पण समजावून सांगू काय? अण्णांच्या मनात हो हाय? मला तरी कवा म्हणलेत? हो आसं ना जपानीत म्हणलेत, ना मराठीत."

तुझ्या आईनं फोन दाराकडं धरला. मी आणखी मागं सरलो.

मग म्हणलीस, "फोनवर नगं मला. फोनवर हो म्हणतील आन् सकाळी उठून भावकीला इचारत बसतील. काय आसंल ते लिहून द्या म्हणावं. मी उत्तरेकडं बदली मागितलीया. महिनाअखेर हितनं जाणार. इथं आता मला त्यांच्या दारावरनं जाववत न्हाई."

फोन बंद झाल्यावर तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मेव्हण्याच्या बायकोनं चहा आणला त्यो तसाच ऱ्हायला. मी उठून स्टँडवर गेलो. कराड गाडी लागलीवती, आत जाऊन बसलो, सुटायच्या आत उतरलो. मग सांगलीच्या गाडीत बसलो, त्यातनं बी उतरलो. कंडक्टर बाई म्हणली, "काका, नक्की जायाचं कुटं तुमास्नी?" आयुष्यभर मी हेच लोकांना दरडावून इचारलं. आज मलाच कुणी इचारलं, तवा मागं वळून चालत घरी आलो.

हे लिहून लिहून मी काय लिहितोय मलाच कळंना. थांबतो.

कराड, १० जुलै

पायल,

लिहून मागितलंस, तर घे लिहून.

मला वाटायचं, तू परत येशील. चार-दोन साल काम करशील, आन् कराडला न्हाईतर सांगलीला दवाखान्यात लागशील. सांजच्याला गाडीनं घरी येशील. मी स्टँडवर बसलेला असंन, तू म्हणशील, "अण्णा, हितं काय करताय?" एवढंच. लय मोठं काय मागितलं न्हवतं. आजीनं मागणी घातली तवा मला कळलं की ही गाडी परत येणारी न्हाई. तवा इचार करून सांगतो म्हणलं ते रीतीसाठी न्हाई. रीत हाताशी हुती म्हणून तिच्या आड उभा ऱ्हायलो. मला येळ काढायचा हुता. जपानी लोकांनी त्यो अर्थ बरोबर काढला आन् मला वळखलं, माझ्याच घरच्यांनी वळखायच्या आधी. तू सोडून. तू त्याच दिवशी वळखलंस.

तुझ्या आईला घिऊन आलोय. आता ती समोर बसून मी काय लिहितोय ते बघती आन् म्हणती, "मोठं लिहा, त्या पोरीला चष्मा हाय."

आता खाली लिहितो ते हरुए आजीसाठी. हे तिला वाचून दाखव. टोकियोच्या बोलीत नगं. म्याडम आन् इंद्रजित दोघं म्हणत हुते, आमी लिहून देतो. मी नगं म्हणलं. माझ्या बोलीतनं आजीच्या बोलीत नेणारं माणूस ह्या जगात तू एकटीच हाईस. मधी पुस्तक घालू नगंस.

आजी, जयभीम. मी केरू, पायलचा बाप. तुमी माझी पोरगी मागितली आन् मी तुमाला तसंच ताटकळत ठिवलं. चूक झाली. आमच्याकडं पोरीचा बाप घाई करत न्हाई, त्यानं मान जातो म्हणत्यात. जाऊ दे. दुसरा निरोप पोराकडनं यायचा असतोय, त्यो बी तुमी धाडू नका. मीच धाडतो. आजी, मी केरू, माझ्या पायलसाठी तुमच्या दाइकीला मागतो. पोरगं आजीला पाठीवर घिऊन पायऱ्या उतरतंय, ते माझ्या पोरीला बी सांभाळंल. पोरगी रागीट हाय, माझ्यावर गेलीया. सैपाकात मीठ जास्त घालती. मनानं सोनं हाय. तुमचं जे काय म्हणणं आसंल ते व्हय न्हाईतर न्हाई आसं सरळ सांगा. फकस्त "इचार करून सांगतो" म्हणू नका, माझ्या जिवाला ते आता सोसायचं न्हाई.

झालं. बदलीचा अर्ज माघारी घे. उत्तरेकडं जाऊन परत तिसरीच बोली शिकायची का आता?

आन् एक काम कर. हे वाचून झालं, आन् आजी व्हय म्हणली, की तिच्या घरातल्या बुद्धापुढची ती घंटी दोनदा वाजव. नीट, मोठ्यानं वाजव. त्यांच्यात एकदाच वाजवत्यात का काय मला ठाव न्हाई. दोनदा का म्हणून कुणी इचारलं तर सांग, माझा बाप कंडक्टर हुता.

अण्णा